केसांचा आकडा

"आण इकडे," म्हणत भाऊंनी लेकीच्या हातून पुस्तक घेतलं. चाचपडणाऱ्या बोटांना पानांत केसांचा आकडा लागला, तसं शलाकानं ते परत घ्यायला हात पुढे केला.

डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिनं वडिलांना घरी आणलं, त्याला महिना होत आला. त्यांची नजर आधीच गेलेली. जन्मभर वाचनाचं वेड असलेल्या माणसासाठी तिच्या हातात एवढंच होतं, वाचनालयातून कथा-कादंबऱ्या आणून उशाशी बसून वाचायच्या. पण आधी स्वतः चाळून, जिथं कुणी मरतं ती पानं आकडा लावून बंद करायची.

"महिनाभर ऐकतोय," भाऊ म्हणाले, "म्हातारे खंगले, तरणी पोरं लढाईवर गेली, पण एकही मेला नाही. असं कुठं असतं का गं?"

आकडा ओढून त्यांनी पुस्तक परत दिलं.

"आता वाच. कशी जातात माणसं, ते ऐकू दे."

तिनं पान उघडलं. पहिली ओळ अर्धी वाचून पुस्तक मिटलं.

भाऊंनी चाचपडत तिचा हात धरला.

"घाबरू नकोस, बाळ. मी आहे ना इथे."