चाळलेली वाळू

"काम काय करता?"

डॉक्टरबाईंनी विचारलं ते नवऱ्याला. खोकत होती ती त्याची बायको. दुखणं हिचं आणि चौकशी माझी, असं त्याच्या मनात आलं, पण डॉक्टरशी वाद कोण घालणार? बायकोच्या छातीचा फोटो उजेडासमोर लावलेला होता. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं. बाईंचा चेहरा मात्र नको तितका कळत होता.

"लोखंडावरचा जुना रंग काढतो," तो म्हणाला.

"काही लावून?"

"छे हो! वाळू मारून."

मग त्याची गाडी सुटली. हा विषय निघाला की तो कुणाला आवरत नसे; शेजारीपाजारी तर त्याला लांबून पाहूनच रस्ता बदलत. मोडीतली गॅसची टाकी, कुणीतरी टाकून दिलेला कॉम्प्रेसर, जाड रबरी नळी, आणि पुढची तोटी त्याने स्वतः कातून बसवलेली. हवेच्या जोराने वाळू सुटते. मग फाटक असो, खाट असो, खिडकीची जाळी असो, आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी फासलेले रंग घटकेत उतरतात. गल्लीने त्याचं नाव 'वाळूशेठ' ठेवलं होतं. ठेवलं होतं थट्टेनं, पण तो ते मिरवत असे.

"धूळ उडत असेल खूप."

"उडते की! पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही." त्याने दोन्ही हातांनी आकार करून दाखवला. डोक्यापासून छातीपर्यंत येणारा टोप, समोर काच, आणि बाहेरची चांगली हवा नळीनं थेट नाकाशी. "तोही घरीच केलाय. इतकी वर्षं झाली, साधी शिंक नाही मला."

"आणि या?"

"ही? ही तर आसपासही फिरकत नाही. यंत्र सुरू करायच्या आधी मी हिला घरात पाठवतो. सगळी धूळ खाली बसली की मगच ही येते."

"कशाला?"

"वाळू गोळा करायला."

बायकोला उबळ आली. ती रुमालात तोंड घालून खोकली, मग खालमानेनं बसून राहिली. तो तिच्या कौतुकाला लागला होता. चांगली वाळू का रोज मिळते? एकदा मारून फेकून दिली तर धंदा बसलाच म्हणायचा. म्हणून ही सगळी वाळू झाडून घेते, रंगाचे पापुद्रे वेगळे काढते, चाळते, की परत टाकीत. पुन्हा पुन्हा तीच वाळू.

"मागच्या खोलीत बसते चाळत. खिडक्या लावून घेते, नाहीतर बारीक वाळू वाऱ्यावर जाते ना. एक कण वाया जाऊ देत नाही, बाई. नाकाला रुमाल बांधते आणि..."

तो थांबला. बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं होतं.

"वाळू लोखंडावर आपटते, फुटते," त्या म्हणाल्या. "तीच पुन्हा मारली की आणखी फुटते. शेवटी तिचं पीठ होतं, डोळ्यांना दिसणार नाही असं. रुमालाला ते जुमानत नाही. ते सगळं यांच्या छातीत जाऊन बसलंय."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी हुशारी स्वतःच्या डोक्यावर घालून तो इतकी वर्षं हिंडला होता.

"पण निघेल ना?" त्याने विचारलं. "औषधानं म्हणा, ऑपरेशननं म्हणा. चिकटलेलं काहीही निघतं हो, बाई. मी रोज काढतो."

"हे निघत नाही."

बाईंनी दम कमी लागावा म्हणून औषध दिलं. त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं तिला बजावलं. ती मान हलवत राहिली.

दोघं चालत घरी निघाले. ती दम खायला थांबली की तोही थांबायचा आणि चपलेत खडा गेल्यासारखा उगाच वाकायचा. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

अंगणात कुणाचं तरी फाटक टेकवून ठेवलेलं होतं, अर्धं सोललेलं. ते ओलांडून तो तडक मागच्या खोलीत गेला. कोपऱ्यात चाळलेल्या वाळूचा ढीग होता, मैद्यासारखा मऊ. या ढिगावर तो कितीदा कौतुकानं हात फिरवून गेला होता. आज त्याला तो डोळ्यांसमोर नको झाला. त्याने पोतं उघडलं, फावडं उचललं आणि वाळू भरायला लागला. कुठेतरी लांब नेऊन पुरायची होती. हां हां म्हणता खोली धुरकटली. त्याच्या नाकातोंडात धूळ गेली. टोपाची आठवण त्याला झाली नाही, किंवा झाली असेल तरी तो घालण्याची लाज वाटली.

दारात ती उभी होती.

"आत येऊ नकोस!" तो ओरडला. तिच्यावर तो असा कधी ओरडला नव्हता. "बाईंनी काय सांगितलंय?"

ती आत आली. त्याच्या हातातलं फावडं तिने काढून घेतलं. धरून ठेवायचं बळ त्याच्यात नव्हतं.

"तुम्ही बाहेर व्हा बघू," ती म्हणाली. "मी भरते. माझं आता काय बिघडायचं राहिलंय?"