मंजूर गुडघा

आईचा उजवा गुडघा झिजला होता. विमा कार्यालयाने इंजेक्शन मंजूर केले ते डाव्या गुडघ्यासाठी. एक्स-रे उजव्याचा, डॉक्टरांची चिठ्ठी उजव्याची, जिना उतरताना दगा देणारा पायही उजवाच. परंतु मंजुरीपत्रात डावा होता, आणि त्या पत्राबाहेर जाऊन डॉक्टर सुईला हात लावू शकत नव्हते.

"चूक आमचीच आहे, मान्य," खिडकीमागचा कारकून सौजन्याने म्हणाला. "पण दुरुस्तीचा अर्ज तुम्हीच करायचा. आणि आजी, दर वेळी तुम्ही स्वतः यायला हवं."

"मी आले की दोन्ही गुडघे माझ्याबरोबर येतातच," आई म्हणाली. "हवा तो तपासून घ्या."

त्याने गुडघ्याकडे पाहिले नाही. अर्जात तसा रकाना नव्हता.

अर्ज पाच टेबलांवरून फिरला. आठ महिने आई उजवा पाय जपत, सारा भार डाव्यावर टाकत, दर पंधरवड्याला त्या खिडकीपर्यंत गेली. नवव्या महिन्यात एका सकाळी तिला खुर्चीतून उठवेना. या वेळी कळ डाव्या गुडघ्यातून आली होती. नवा एक्स-रे काढला आणि तो घेऊन मी एकटाच खिडकीपाशी गेलो.

कारकुनाने तो उजेडात धरून प्रथमच नीट पाहिला. मग आमचा दुरुस्तीचा अर्ज फाइलमधून काढून माझ्या हाती ठेवला.



"बघा, आमची नोंद बरोबरच होती. आजींनी उगीच इतके हेलपाटे घातले."