नारिंगी गाडीवरचा विंचू

जुन्या गाड्यांची किंमत ठरवायला आलेल्या बाईने बॅटरीचा झोत गाडीच्या दारावर तिरपा धरला आणि रंगाच्या थराची जाडी मोजणारं लहानसं यंत्र दाराला टेकवलं. मग थोडं पुढे, मग आणखी पुढे. यंत्र दर वेळी जवळपास तोच आकडा दाखवत होतं.

"रंग कारखान्यातलाच आहे," ती म्हणाली. "कुठेही दुसरा हात नाही."

"असणार कसा?" काझ वोयचिक म्हणाला. "पोरी, ही गाडी एकदासुद्धा पावसात भिजलेली नाही. माझ्या लग्नात अख्खी वरात भिजली, पण ही नाही."

गाडी भडक नारिंगी होती. दोन्ही अंगांना काळे पट्टे, मागे पंख आणि सबंध बॉनेटभर नांगी उगारलेला काळा विंचू. अठ्ठ्याहत्तर साली काझ त्या कारखान्यात हेच विंचू चिकटवायच्या कामाला होता. हा त्याने स्वतः चिकटवला, साबणाच्या पाण्यावर सरकवत, एकही बुडबुडा राहू न देता. मग गाडी विकत घेतली आणि थेट गॅरेजमध्ये आणून ठेवली. सीटांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

घरात उघडणाऱ्या दाराशी त्याची बायको लोटी शाल घट्ट धरून उभी होती. मिशिगनची ओली थंडी तुमच्या फुप्फुसांना झेपणार नाही, कोरड्या हवेत राहायला जा, असं डॉक्टरांनी गेल्या हिवाळ्यातच सांगितलं होतं. मुलीने ॲरिझोनात खोली तयार ठेवली होती. अडत होतं ते गाडीपाशी. तिकडे नेली तर उन्हाने विंचू सोलून निघेल, आणि पुरता भाव आल्याशिवाय काझ ती विकणार नव्हता. एकटीने जावं, तर त्याला इन्शुलिन तीच टोचत होती. या बाईला बोलवायला तो तयार झाला, तेवढ्यावर लोटीने आज सकाळी माळ्यावरच्या बॅगा खाली आणल्या होत्या.

"साध्या गाडीकडे कोण ढुंकून बघतो?" काझ म्हणाला. "हिच्याकडे बघ. मी तेव्हाच म्हणालो होतो, जितकी नटलेली, तितकी पुढे मागणी."

"बघतात सगळे, मिस्टर वोयचिक. म्हणूनच तर सगळ्यांनी जपल्या." बाईने बॅटरी विझवली. "या महिन्यातला हा माझा चौथा विंचू. चारही गाड्यांच्या सीटांवर प्लास्टिक. त्यातली एक तर तुमच्याच गल्लीत आहे."

"आमच्या गल्लीत? कोणाकडे?"

"ते मला सांगता येणार नाही."

"स्टॅनकडे," लोटी म्हणाली. "त्याने गॅरेजच्या खिडकीला आतून रंग फासलाय. मला वाटायचं, दारू गाळत असेल."

"स्टॅनने विकली ती. माझ्या तोंडावर सांगितलंय त्याने."

"तू तरी त्याला काय सांगितलंयस?"

"तेच. विकली म्हणून," काझ पुटपुटला.

"तुम्ही लोकांनी कामाला कुठल्या गाड्या नेल्या?" बाईने विचारलं. "साध्या. करड्या, तपकिरी. ना पट्टा, ना चित्र, आणि आत दांडगं इंजिन. त्या शर्यतीत पळवल्या, खांबांवर आपटल्या, बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गंजू दिल्या. आता फार थोड्या उरल्यात, आणि गिऱ्हाईक त्यांच्याच मागे आहे." तिने यंत्र पेटीत ठेवलं. "हिलाही चांगले पैसे येतील. तुम्ही मनात धरलेत तेवढे नाहीत, पण चांगले. घेणारा आहे माझ्याकडे. हो म्हणालात तर आठवड्याभरात घेऊन जाईल."

"आठवड्याभरात," लोटी म्हणाली. "काझ, ऐकलंस ना?"

काझ बॉनेटवर वाकला होता. विंचवाच्या नांगीशी त्याने बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"स्टॅन किती वर्षांचा गं?"

"असेल ऐंशीच्या पुढे. का?"

"त्याच्या पोरांना गाड्यांतलं काही कळत नाही. तो गेला की येईल त्या भावाला फुंकून टाकतील. घेणारा रस्त्यावर काढेल आणि वर्षभरात ठोकेल." तो बाईकडे वळला. "बाकीचे दोन विंचूवालेही म्हातारेच असतील ना?"

बाईने लोटीकडे पाहिलं. लोटीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"हो," बाई म्हणाली. "म्हातारेच आहेत."

"मग झालं तर. एकेक करून कमी होतील. आपण थांबायचं."

बाईने कोट चढवला. काझने तिच्यासाठी रस्त्याकडचं मोठं दार वर केलं, तसा ओला वारा आत आला आणि लोटीला खोकल्याची उबळ आली. ती दाराच्या चौकटीला धरून वाकली. बाहेर पडलेली बाई मागे वळत होती, पण काझने घाईघाईने दार खाली ओढलं. कोपऱ्यातलं हवा सुकवायचं यंत्र घरघरत सुरू झालं.

"बघ, लगेच ओल धरली," तो म्हणाला.

"मी दिवाणखान्यासाठी असलंच यंत्र मागितलं होतं," धाप जरा बसल्यावर लोटी म्हणाली. "तेव्हा मला म्हणालास, स्वेटर घाल."

काझ जरा ओशाळला. त्याने खुंटीवरची घडीची खुर्ची काढली, आपल्या बाहीने पुसली आणि तिच्यासाठी मांडली.

"मग इथे बसत जा की. मी रोज मोजतो, इथली हवा तुझ्या ॲरिझोनासारखीच कोरडी आहे. टीव्हीसुद्धा आणून लावतो."

लोटी सावकाश खुर्चीपाशी आली.

"एवढ्या जवळ नको," तो म्हणाला. "खोकल्याची वाफ रंगावर बसते."

तिने खुर्ची पार भिंतीपर्यंत मागे ओढली आणि बसली. हळूच श्वास घेतला. तो कुठेच अडकला नाही.