आलो

“आई, मी आलो!” अपघातात गेलेला दादा अधूनमधून माझ्या तोंडून असं बोलायचा. नंतर मला काहीच आठवायचं नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पण ते कुणालाच पटलं नाही.

“नाटकं नुसती,” काकू म्हणायची. आईही चिडायची, “पुरे गं तुझं नाटक!” पण त्या दिवशी ताटात करपलेली भाकरी असायची. दादाला तशीच लागायची.

उपचारांनी मी बरी झाले. दादा यायचा थांबला.

काल चपला काढताना म्हटलं, “आई, आले गं.” आईनं चटकन वळून पाहिलं, मग मान फिरवून पांढरीशुभ्र भाकरी तव्यावरून उतरवली.

मी परत उंबऱ्याबाहेर गेले. आत येत म्हणाले, “आई, मी आलो. भूक लागलीय.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी नाटक केलं. आईनं भाकरी पुन्हा तव्यावर टाकली, करपेपर्यंत.