धरून ठेवलेला सूर

नाझींच्या तेरेझिन छावणीत ज्यू कैदी माळ्यावर मैफली भरवत. हेडा तिथे लेडेरर मास्तरांनी रचलेलं गाणं बसवत होती. पूर्वी ब्रनो शहरातल्या वर्तमानपत्रातल्या मास्तरांच्या टीकेला भलेभले गायक टरकून असत. आता वर्तमानपत्र उरलं नव्हतं, म्हणून गाणारा चुकला की ते मागे बसून पेन्सिलीचं थोटूक बाकावर आपटत. “शेवटचा सूर सोड आता, बये! आईचा पदर आहे का तो, धरून बसायला?” “तुम्हीच गा मग!” हेडा फणकारली. मैफलीच्या आदल्या दिवशी मास्तरांचं नाव पूर्वेकडच्या मृत्युछावणीला जाणाऱ्या गाडीच्या यादीत लागलं. “उद्या तरी वेळेत सोड,” म्हणत ते गेले, परतले नाहीत. हेडा वाचली. दहा वर्षांनी ब्रनोच्या सभागृहात तेच गाणं गाताना तिने शेवटचा सूर मुद्दाम धरून ठेवला, श्वास संपेपर्यंत. मागच्या बाकावरून कोणी काही आपटलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या.