बाजूचा फ्लॅश

देणग्या मागायच्या पत्रकासाठी लहान पोरांचे फोटो काढायला शहरातला फोटोग्राफर वांगणीत येणार होता. म्हणून कमळाने लेकीला न्हाऊ घालून, काजळ लावून मोखाड्याच्या बाजारातला फ्रॉक घातला.

झोपडीत शिरताच तो म्हणाला, "फ्रॉक काढा." पहिल्या लेन्समध्ये पोरगी गुबगुबीत दिसते म्हणून त्याने दुसरी लावली आणि फ्लॅश एका बाजूने धरला. "आता बरगड्या उठून दिसतील."

लखकन उजेड पडला. पोर दचकून रडायला लागली.

"रडू दे तिला," तो खुशीत म्हणाला. "फोटोत भूक दिसली पाहिजे."

कमळाने लेकीला पदराआड घेतलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भूकच पायजे ना तुला? मंग तो कॅमेरा तुझ्या तोंडाकडं फिरव."