खिडकीतली बाटली

"जगदाळे, फौजेत रम ओळखायला शिकलात, तेल नाही!" सरांनी लॅबचा रिपोर्ट टेबलावर फेकला. "ह्यात लिनोलेइक आम्ल माझ्या नमुन्याच्या दुप्पट आहे. ते करडईत भरपूर असतं; चिलगोज्याच्या तेलात करडई मिसळलीत तुम्ही."

सरांचा नमुना म्हणजे नऊ वर्षांपूर्वी परदेशी परिषदेतून आणलेली चिलगोज्याच्या तेलाची बाटली. ती फ्रिजमध्ये ठेवा, असं मी दर उन्हाळ्यात सांगायचे. पण मग येणाऱ्याजाणाऱ्याला ती दिसली कशी असती? म्हणून ती खिडकीत, गंगाजलाच्या गडूसारखी मिरवत, उन्हात उभी.

जगदाळे म्हणजे किन्नौरहून चिलगोजे आणून साताऱ्यात घाणा चालवणारे निवृत्त हवालदार. पिशवीतून त्यांनी चिलगोज्याच्या पाईनचा अख्खा शंकू काढला, खवल्यांतल्या बिया उपटून माझ्या हातावर ठेवल्या. "बाई, तुम्हीच काढा तेल."

मी सरांदेखत तेल काढलं, मशीनला लावलं. आलेख आला तो हुबेहूब जगदाळ्यांच्या तेलाचा. मग मी खिडकीतल्या बाटलीचं बूच उघडलं. शिमग्यापर्यंत उरलेल्या दिवाळीच्या चकलीचा खवट वास लॅबभर पसरला. सरांच्या तेलातलं आम्ल उन्हानं केव्हाच खाऊन टाकलं होतं.

सरांनी नाकाला रुमाल लावला, पण पेन सोडलं नाही. रिपोर्टवर ठसक्यात लिहिलं, 'बियांतच भेसळ.'

"सही करा, बाई."

मी हात मागे घेतला. जगदाळ्यांनी वाकून ते वाचलं आणि रिकामा शंकू सरांच्या पुढ्यात ठेवला.

"मग नोटीस झाडाला पाठवा, साहेब. पत्ता देतो."